पहाटेच्या ग्रहयुतीची फोटोग्राफी

पहाटे पूर्वेला दोन ग्रह, कधीकधी तीन, एकमेकांच्या अगदी जवळ दिसतात, तेव्हा त्यांना शहराचे घुमट, मिनार, टॉवर, पाण्याच्या टाक्या यांच्यासकट एकाच फ्रेममध्ये घ्यायचं, ही ग्रहयुतीची फोटोग्राफी; ग्रह असे जवळ दिसण्यालाच युती म्हणतात. ग्रह खरे जवळ येत नाहीत, आपल्याकडून बघताना एका दिशेला येतात एवढंच. 12 ऑगस्ट 2025 च्या पहाटे शुक्र आणि गुरू जेमतेम 1 अंशावर होते, म्हणजे मधे दोन पूर्ण चंद्र मावतील इतकं अंतर, आणि तरी गुरू शुक्राच्या कितीतरी मागे होता. 1 मे 2022 ला हेच दोघं अर्ध्या अंशाच्या आत आले होते. गुरू-शनीची युती साधारण 20 वर्षांनी एकदा येते, डिसेंबर 2020 ची संध्याकाळी होती, पुढची 2040 ची मात्र पहाटेच्या आकाशात आहे.

शुक्र सूर्यापासून 47 अंशांच्या आणि बुध 28 अंशांच्या पलीकडं कधीच जात नाही, म्हणून त्यांच्या युत्या एक तर पहाटे नाहीतर संध्याकाळीच बघायला मिळतात. पहाटेच्या फायद्याचं म्हणजे रहदारी नसते, हवा थोडी निवलेली असते आणि रस्त्यावरचे दिवे अजून चालू असतात. त्यातही कामाचा वेळ फार थोडा. सूर्योदयाच्या तासभर आधी आकाश काळं आणि शहर जास्तच भडक येतं, सूर्योदयाला वीस मिनिटं उरली की शुक्र टिकतो पण गुरू फिकट पडतो आणि मंगळ, बुध तर हातचे जातात. साधारण 45 ते 25 मिनिटं आधी आकाशाचा निळा उजेड आणि दिव्यांचा उजेड बरोबरीला येतो, फोटो तेवढ्यातच होतो.

मराठवाड्यात कॅमेऱ्यापेक्षा जागेचा प्रश्न मोठा आहे असं माझं ठाम मत आहे, कारण जी इमारत हवी ती आपल्या पूर्वेला पाहिजे, म्हणजे आपण तिच्या पश्चिमेला उभं राहायचं, आणि त्यात परत ऋतूप्रमाणं दिशा बदलते, जून-जुलैत पहाटेचे ग्रह ईशान्येकडं सरकलेले असतात तर डिसेंबर-जानेवारीत आग्नेयेकडं. संभाजीनगरला गोगाबाबा टेकडीवरून शहर आग्नेयेकडं पसरलेलं दिसतं, त्यामुळं ती जागा हिवाळ्यातल्या युतीसाठी खरंच भारी आहे. पैठणला नाथसागराचं, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचं, पाणी धरणाच्या वरच्या अंगाला, पश्चिमेकडं आहे, म्हणून धरणाजवळून पाण्यावरची युती संध्याकाळीच जमते. संभाजीनगरचा बीबी का मकबरा आणि देवगिरी (दौलताबाद) किल्ला पहाटे बंद असतात, फोटो बाहेरून लांबूनच घ्यायचा, आणि लांबून घेणंच बरं. 1 किलोमीटरवरून 1 अंश म्हणजे साधारण 17 मीटर उंची, तर दौलताबादचा 60 मीटरहून उंच चांदमिनार 2 किलोमीटरवरून पावणेदोन अंशांचा दिसतो, म्हणजे मिनार आणि दोन ग्रहांमधलं अंतर एकमेकांना शोभतं. अडचण अशी की मिनाराच्या टोकाजवळ, म्हणजे क्षितिजाच्या इतके जवळ असलेले ग्रह धुरकट हवेत मिणमिणतात, ऊसतोडीच्या दिवसांत पाचट जाळल्याचा धूर तर क्षितिजावर थरच धरून बसतो. मग ग्रह 10-15 अंश वर आले की 70 ते 100 मिमी लेन्सनं उभी फ्रेम घ्यायची, हा मधला मार्ग.

सेटिंगचं फार काही नाही. ट्रायपॉड, रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली) फाइल, 2 सेकंदांचा टायमर, लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद. फोकस मॅन्युअल, स्क्रीनवर शुक्र मोठा करून तो बारीक टिपका होईपर्यंत, लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. सुरुवातीला लेन्सचं छिद्र एफ/4, संवेदनशीलता आयएसओ 800, शटर 2 सेकंद उघडं, आणि उजाडेल तसा शटरचा वेळ कमी करत जायचा. आकाश 4 मिनिटांत 1 अंश सरकतं, म्हणून 100 मिमीवर 3 सेकंदांच्या वर गेलं की ग्रहांच्या रेघा यायला लागतात. 300 मिमीची लेन्स असेल तर एखादा फोटो फक्त गुरूचा घ्यावाच, हवा साफ असली तर त्याचे चार मोठे चंद्र बारीक ठिपक्यांसारखे उमटतात.

पावसाळ्यात नेमकी युतीची पहाट ढगात जाते, पण म्हणून सगळं संपलं असं नाही. शुक्र गुरूच्या मानानं रोज साधारण 1 अंश सरकतो, त्यामुळं आदल्या आणि नंतरच्या दोन-तीन दिवसांतही जोडी जवळच असते, आणि त्याच जागेवरून तीच फ्रेम रोज घेतली तर ग्रह कसे एकमेकांना ओलांडून जातात ते शहराच्या वर स्पष्ट दिसतं.