एक पिक्सेल म्हणजे जवळपास एक गुंठा

नाशिकजवळच्या मखमलाबादच्या पुढे एका प्लॉटवाल्याने मोबाईलवर मॅप उघडून दाखवला, "बघा, उपग्रहातून पण पडीकच दिसतंय." फोटो खरा होता पण एप्रिलचा होता, आणि ती द्राक्षबाग होती, खरड छाटणी झालेली. छाटणीनंतर वेलीवर पान उरत नाही, वरून नुसती माती दिसते. त्या बागेतली द्राक्षं मी स्वतः खाल्लीयेत.

कुठली जमीन शेतीला राखायची आणि कुठे प्लॉट पडू द्यायचे, हा निकाल एका फोटोवर लावायचाच नसतो. युरोपचे सेंटिनेल-२ नावाचे उपग्रह (पहिला 2015 ला गेला, दुसरा 2017 ला) जोडीने दर 5 दिवसांनी त्याच शिवारावरून जातात आणि चित्रं सगळ्यांना फुकट मिळतात. त्यातला एक ठिपका, म्हणजे पिक्सेल, 10 बाय 10 मीटरचा, म्हणजे 100 चौरस मीटर, आणि आपला गुंठा साधारण 101! एकराला 40 ठिपके. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा इतका आनंद झाला की काय सांगू.

आता खरी गंमत. हिरवं पान लाल प्रकाश खातं, पण डोळ्यांना न दिसणारा निअर-इन्फ्रारेड प्रकाश परत फेकतं. दोघांची वजाबाकी भागिले बेरीज केली की एनडीव्हीआय, म्हणजे हिरवाईचा आकडा निघतो. समजा भरल्या बागेतून इन्फ्रारेड 0.45 आणि लाल 0.05 परत आला, तर 0.40 भागिले 0.50 म्हणजे 0.8. उघड्या मातीत 0.25 आणि 0.20 धरले तर जेमतेम 0.11. भागाकार कशाला, तर ऊन कमीजास्त असलं की दोन्ही आकडे सोबतच हलतात आणि तो फरक बराचसा कटतो.

हा आकडा वर्षभर मांडला की प्रत्येक गुंठ्याची रेघ तयार होते. द्राक्षाची रेघ एप्रिल छाटणीला पडते, वर येते, ऑक्टोबर छाटणीला परत पडते. सोयाबीन मग कांदा असेल तर दोन उंचवटे. खरं पडीक असेल तर पावसाळ्यात गवताचा एक उंचवटा आणि उन्हाळ्यात सपाट. (जुलै-ऑगस्टात ढग आडवे येतात, तेव्हा ढगातून आरपार जाणारं रडार वापरतात.)

ही हिरवाई म्हणजे नकाशाचा पहिला थर, त्यावर मग मातीची खोली, उतार, पाटपाणी असे थर चढवायचे, प्रत्येकाला वजन द्यायचं आणि गुंठ्यागणिक मार्क काढायचे. अमेरिकेत 1981 पासून लेसा नावाची शेतजमिनीला मार्क द्यायची अशीच पद्धत आहे. सलग शेतीलाही मार्क हवेत, कारण मध्येच एक लेआउट पडला की शिवाररस्ता, पाइपलाइन, फवारणी सगळ्याचीच अडचण होते. एआय हे आपोआप ठरवेल असं कुणी सांगितलं तर विचारा, वजनं कुणी ठरवली? ती माणसंच ठरवतात, म्हणून ती गावासमोर मांडलीच पाहिजेत. आणि पाण्याच्या थरासाठी विहिरींची पातळी मोजायची, हातावर नारळ घेऊन फिरणाऱ्या पाणाड्याच्या शब्दाला तिथे जागा नाही.

एक अडचण राहते. गटाचे जुने नकाशे आणि उपग्रहाचं चित्र तंतोतंत जुळत नाही, ठिपका-दोन ठिपके सरकतं, म्हणजे बांधालगतचे गुंठे शेजाऱ्याच्या नावावर पडू शकतात. तिथे 2021 पासून राज्यभर चालू असलेली ई-पीक पाहणी कामाला येते, शेतकरी शेतात उभा राहून पिकाचा फोटो टाकतो, तो त्या रेघेशी ताडून बघायचा आणि नाहीच जुळलं तर नकाशा घेऊन बांधावर जायचं.