डिस्क चांगलीच होती

एक पद संपायचं, अप्पा चहाचा घोट घेऊन पुढचं लावायचे आणि टीव्हीवर ते गोल चक्र फिरायला लागायचं. मग शोकेसमधल्या राउटरच्या बाजूने बारीक 'टक्क'. गिरगावातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात हे महिनाभर चाललं होतं. नाट्यगीतांची सगळी जुनी रेकॉर्डिंग्ज अप्पांनी एका हार्ड डिस्कवर भरलीत आणि ती राउटरच्या यूएसबी पोर्टला लावलीय. राउटर दहा वर्षांचा. "डिस्क गेली गं," म्हणत ते लॅमिंग्टन रोडवरून नवी घेऊन आले. चार दिवसांत तीही टक्क.

पेन ड्राइव्ह लावला की मात्र गाणी रात्रभर बिनबोभाट. इथे मला संशय आला: डिस्क नव्हे, तिला मिळणारी वीज कमी पडतेय.

पेन ड्राइव्हमध्ये हलणारं काही नसतं. हार्ड डिस्कमध्ये चकती असते, मिनिटाला बहुधा ५४०० फेरे घेणारी. फिरती मोटर स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करते, म्हणून वेग आल्यावर तिचं थोडक्यात भागतं. थांबलेल्या मोटरमध्ये हा विरोध नसतो, त्यामुळे सुरुवातीला ती अधाशासारखा करंट ओढते. भरलेल्या हातगाडीचा पहिला धक्का आठवा. यूएसबी २.० पोर्टने ५०० मिलिअँपिअर द्यावेत असं ठरलेलं आहे, ३.० ने ९००. खिशात मावणाऱ्या डिस्क सुरू होताना अँपिअरच्या आसपास जाऊ शकतात. अप्पांचा चहा होईपर्यंत डिस्क झोपायची आणि पुढच्या गाण्याला तिला पुन्हा शून्यापासून उठावं लागायचं.

आणि ती 'टक्क'? वीज तुटली की डिस्क आपल्याच फिरत्या चकतीचा जनरेटर करते आणि त्या उरल्यासुरल्या विजेवर वाचणारं टोक सुरक्षित जागी नेऊन ठेवते. मरता मरता घर आवरून जाणं म्हणतात ते हेच.

मग वीज कुठे अडत होती? राउटरचा अडॉप्टर काढून त्याला मल्टिमीटर लावला तर १२.१ व्होल्ट, झकास. पण सगळे नळ बंद असताना पाण्याचा दाब झकासच असतो. सकाळी खालच्या मजल्यांवरचे नळ सुटले की आमच्याकडे करंगळीएवढी धार येते, तसं मोजायला हवं होतं. पोर्ट आणि डिस्क यांच्यामध्ये छोटा यूएसबी मीटर लावला. डिस्क झोपलेली असताना ५.०२ व्होल्ट, म्हणजे हवे तेवढे. उठताना ४.४१, आणि टक्क.

दोन चोर सापडले. एक केबल, मीटरभर लांब आणि आत सुतासारख्या तारा. अशा बारीक तारेचा जाऊन-येऊन रोध साधारण ०.४ ओहम भरतो, म्हणजे ९०० मिलिअँपिअरला तिथेच ०.३५ व्होल्टच्या वर गळती. वीतभर जाड केबलने बरंच भागलं. दुसरा चोर अडॉप्टरमधला कपॅसिटर. कपॅसिटर म्हणजे पिंप: धार कमी झाली की साठ्यातून पुरवायचं. त्यातलं रसायन उष्णतेने हळूहळू सुकतं. पिंप लहान होतं आणि त्याची तोटीही गंजते. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. ८५ अंशांना २००० तास टिकणारा कपॅसिटर ४५ अंशांना सोळापट, म्हणजे ३२,००० तास टिकेल. चोवीस तास चालू असलेल्या यंत्रात हे पावणेचार वर्षंसुद्धा नाहीत. आमचा अडॉप्टर मुंबईच्या उकाड्यात, काचेच्या शोकेसमध्ये, सेट-टॉप बॉक्सच्या पाठीवर झोपलेला!

अडॉप्टर उघडू नका. आत ३०० व्होल्टच्या वरचा साठा प्लग काढल्यावरही राहू शकतो. तेवढ्याच व्होल्टेजचा, तितक्याच किंवा जास्त अँपिअरचा आणि पिनेची अधिक-उणे बाजू जुळणारा नवा आणा. तरी नाही भागलं तर स्वतःचा अडॉप्टर असलेला यूएसबी हब.

वारंवार वीज तुटल्याने डिस्कवरची फायलींची नोंदवही अर्धवट राहते, आणि मग राउटर डिस्क ओळखतच नाही किंवा तिच्यावर लिहू देत नाही. ती दुरुस्ती संगणकावर करायची, आधी डेटाची नक्कल काढून. दुबळ्या विजेवर हे करायला जाणं म्हणजे हलत्या शिडीवर चढून बल्ब बदलणं.

नव्या अडॉप्टरवर आकडा ४.८५ च्या खाली गेला नाही. अप्पा खूश. दोन दिवसांनी स्वयंपाकघरातून आई: "अगं, माझं वाय-फाय का रांगतंय?" हा निराळाच प्रकार. यूएसबी ३.० चा सेकंदाला ५ गिगाबिटचा संदेश वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात गोंगाट करतो. इंटेलने २०१२ साली त्यावर टिपणच काढलं होतं. डिस्क दूर ठेवावी तर केबल लांब, आणि पुन्हा व्होल्टेजची बोंब. शेवटी राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन पोर्ट यूएसबी २.० वर आणला. सेकंदाला ४८० मेगाबिट नाट्यगीतांना खूप झाले. पहिली डिस्क पुन्हा गातेय, आणि अप्पांनी घाईने आणलेली दुसरी तिची नक्कल होऊन कपाटात पडलीय.