आईचा कामाचा दिवस आणि मुलाची बालवाडी : बोर्डी-कोसबाडपासून अंगणवाडीपर्यंतची पार्श्वभूमी

माँटेसरी पद्धतीचा जन्म कष्टकऱ्यांच्या वस्तीत झाला, हे आजच्या खासगी बालवाड्यांची फी पाहताना सहसा लक्षात येत नाही. १९०७ साली रोममधील सान लोरेन्झो या गरीब भागात, आईबाप दिवसभर कामावर गेल्यामुळे घरी एकट्या राहणाऱ्या मुलांसाठी मारिया माँटेसरी यांनी पहिले बालगृह सुरू केले. भारतात मात्र ही पद्धत प्रथम रुजली ती सुशिक्षित मध्यमवर्गात. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगर येथे बालमंदिर काढले. पुढे ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. दादरच्या शिशुविहारातील कामानंतर ताराबाईंना एक प्रश्न अस्वस्थ करू लागला : महागडी साधने आणि प्रशिक्षित शिक्षिका यांवर उभे असलेले हे शिक्षण खेड्यातील मजुराच्या मुलापर्यंत पोहोचणार तरी कसे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी त्यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसताच या दोघींनी बालवाडीच मुलांच्या वस्तीत, घरासमोरच्या अंगणात नेली. विकतच्या साधनांची जागा शंख-शिंपले, बिया, पाने आणि खडे यांनी घेतली. शिकवण्याआधी मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे, खाऊ देणे हे काम आले. आणि ते शिक्षणाबाहेरचे आहे असे दोघींनी कधी मानले नाही.

१९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि तिथे वारली पाड्यांवर त्याची खरी कसोटी लागली. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत का येत नाही, याचे कारण तिच्या कडेवरच असे : आई शेतावर किंवा गवत कापायला गेलेली आणि धाकटे भावंड हिच्या स्वाधीन. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी ‘विकासवाडी’ आकाराला आली. तान्हे मूल पाळण्यात, मधले बालवाडीत आणि थोरली बहीण वर्गात, अशी ती रचना होती. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणावर नेली गेली. या विषयाच्या साऱ्या इतिहासात मला हे पाऊल सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण मुलाच्या शिक्षणाची घडी आईच्या कामाच्या तासांवरून आणि थोरल्या बहिणीच्या ओझ्यावरून बसवायची असते, हे तिथे प्रथम नीट ओळखले गेले.

शासकीय व्यवस्थेत मात्र सांभाळ आणि शिक्षण यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पन्नासहून अधिक स्त्रिया काम करतात तिथे पाळणाघर बंधनकारक केले आणि १९७६ मध्ये ही संख्या तीसवर आणली. पण मोलकरीण, वीटभट्टीवरची मजूर किंवा ऊसतोड कामगार स्त्री या हिशेबात बसत नव्हती. बांधकामावरच्या मुलांसाठी १९६९ मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी फिरती पाळणाघरे सुरू केली, ती याच उणिवेतून.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. महाराष्ट्रात धारावी आणि मेळघाटातील धारणी येथून तिचा आरंभ झाला. बोर्डीच्या अंगणातील बालवाडीशी नाते सांगणारी ‘अंगणवाडी’ आता देशभर झाली. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि पूर्वप्राथमिक शिक्षण तिच्यात एकत्र आले, ही फार मोठी गोष्ट होती. मात्र ती दिवसातील काही तासच उघडी राहते आणि मजुरीवर गेलेली आई संध्याकाळी परतते. मधल्या तासांत मूल पुन्हा थोरल्या बहिणीकडेच जाते.

संविधानाच्या मूळ अनुच्छेद ४५ मध्ये मोफत व सक्तीच्या शिक्षणासाठी चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांचा उल्लेख होता, म्हणजे सहा वर्षांखालची मुलेही त्यात होती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षणाचा मूलभूत हक्क सहा ते चौदा या वयोगटाला दिला आणि त्याखालच्या मुलांची जबाबदारी मार्गदर्शक तत्त्वांतच, म्हणजे न्यायालयातून अंमलात आणता न येणाऱ्या तरतुदींतच, राहिली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला. तरी सहा वर्षांखालच्या मुलासाठी न्यायालयात मागता येईल असा हक्क त्यातून निर्माण झाला नाही.

अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याची सोय अलीकडे ‘पालना’ योजनेत झाली आहे. त्यासाठी दिवसभर थांबणारी, प्रशिक्षित आणि पुरेसा पगार मिळवणारी बाई लागते, तर अंगणवाडी सेविका आणि मदतनीस आजही मानधनावर काम करतात. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना उपदान (ग्रॅच्युइटी) मिळण्याचा हक्क मान्य केला आणि त्यांचे काम अर्धवेळ आहे हे शासनाचे म्हणणे स्वीकारले नाही.