पुण्यात लिहिलेला ब्योमकेश

१९९३ साली दूरदर्शनवर ‘ब्योमकेश बक्षी’ ही गुप्तहेराची मालिका सुरू झाली, तेव्हा आम्ही नागपूरला धंतोलीत भाड्याने राहायचो. खाली घरमालकांचं बंगाली कुटुंब. मालिका लागली की काकू मूळ बंगाली कथांचं, पिवळ्या पडलेल्या पानांचं पुस्तक मांडीवर घेऊन बसायच्या. दिग्दर्शक बासू चटर्जींनी काही गाळलंय असं वाटलं की लगेच ते पान काढून बंगालीत वाचायच्या आणि मग आम्हाला मराठीत समजावून सांगायच्या. नागपूरला हा शेजार जुना आहे. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली, नोकरीपायी माणसं आली आणि इथलीच झाली.

ब्योमकेश पहिल्यांदा छापून आला १९३२ साली. शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या या नायकाला ‘डिटेक्टिव्ह’ म्हटलेलं खपत नाही. तो स्वतःला सत्यान्वेषी, म्हणजे सत्याचा शोध घेणारा, म्हणवतो. मला हा शब्द फार मोलाचा वाटतो, कारण त्याच्या कामाची सगळी रीत त्यात आली. त्याच नावाच्या कथेत तो खोटं नाव सांगून, बेकार तरुण म्हणून कोलकात्याच्या एका मेसमध्ये, म्हणजे भाडेकरूंच्या खानावळवजा बिऱ्हाडात, येतो आणि पुढे त्याचा मित्र झालेल्या अजितच्या खोलीत मुक्काम टाकतो. राहतो, गप्पा मारतो, माणसं न्याहाळतो. खाजगी गुप्तहेराला दुसरा मार्गच नसतो. त्याला छापा घालता येत नाही, कोणाला चौकीवर बोलावता येत नाही. (या व्यवसायाचं नियमन करणारं विधेयक २००७ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं, त्याचा कायदा काही झाला नाही.)

चटर्जींनी नेमकं हेच हातात धरलं. धोतर नेसलेला रजित कपूर, के. के. रैनांचा अजित, चहाचे कप, आणि समोरच्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणं. १९८५ मध्ये पंकज कपूरचा गाजर खाणारा ‘करमचंद’ येऊन गेला होता आणि लोकांचा लाडका झाला होता. मराठी वाचक तर बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर वाढलेला, त्याला वेगाची सवय. ब्योमकेशचा जीव मात्र घरात होता. तो एका तपासात भेटलेल्या सत्यवतीशी लग्न करतो, संसार मांडतो. ती सत्यवती पडद्यावर आपल्या सुकन्या कुलकर्णीने केली, आणि आमच्या वाड्यात त्याचं कौतुक खूप दिवस चाललं. १९९८ मध्ये ‘सीआयडी’ आली आणि गुन्ह्याचा तपास छोट्या पडद्यावर पोलिसांच्या हाती गेला.

मराठी माणसाला सहसा ठाऊक नसतं ते पुढेच आहे. शरदिंदु १९३८ मध्ये चित्रपटांसाठी लिहायला मुंबईला आले. ब्योमकेश त्याआधीच थांबला होता, तो जवळपास पंधरा वर्षं गप्प राहिला. १९५१ च्या सुमारास त्यांनी त्याला परत लिहायला घेतलं, पुढच्याच वर्षी ते पुण्याला राहायला गेले आणि १९७० मध्ये निधन होईपर्यंत लिहीत राहिले. ब्योमकेशच्या बत्तीस पूर्ण कथांपैकी निम्म्याहून अधिक या दुसऱ्या खेपेच्या आहेत. कोलकात्यातल्या गल्ल्या, मेस, पुंटीराम नोकराने आणलेला चहा, हे सगळं त्यांनी पुण्यात बसून आठवून लिहिलं.

काकूंच्या कपाटात ब्योमकेशला लागूनच शरदिंदूंचं आणखी एक पुस्तक होतं, मुलांसाठी लिहिलेलं. त्याचा नायक सदाशिव हा गाव सोडून शिवाजी महाराजांकडे जाऊन मिळालेला मराठी पोरगा. काकूंनी त्यातली पहिली गोष्ट मला उभ्याउभ्याच वाचून दाखवली होती.