सर्वोच्च न्यायालय : सामान्यांचा प्रवेश आणि सेवा (पुणे जिल्ह्याच्या संदर्भात)

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज २८ जानेवारी १९५० रोजी संसद भवनात सुरू झाले आणि १९५८ मध्ये ते दिल्लीतील टिळक मार्गावरच्या आजच्या इमारतीत गेले. राष्ट्रपतींच्या संमतीने सरन्यायाधीश दिल्लीबाहेरही बैठक ठेवू शकतात, अशी तरतूद राज्यघटनेच्या अनुच्छेद १३० मध्ये आहे. कायमचे खंडपीठ मात्र बाहेर कुठेच झालेले नाही. पुण्यातले प्रकरण शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातून मुंबई उच्च न्यायालयात आणि तिथून दिल्लीला जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाले. सातारा, सांगली, सोलापूर त्याला जोडले गेले, पुणे मुंबईकडेच राहिले.

उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध अनुच्छेद १३६ खाली विशेष अनुमती याचिका (अपिलाची परवानगी मागणारी याचिका) करायला साधारणपणे ९० दिवस मिळतात. यातला बराच वेळ पुणेकर पक्षकाराचा कागदपत्रांतच जातो. सर्वोच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे आणि इतर भाषेतला कागद इंग्रजी अनुवादाशिवाय चालत नाही. हवेली किंवा मुळशीतल्या जमिनीचा वाद असेल, तर सातबारा, फेरफार, वाटणीपत्र, साक्षीदारांचे जबाब असे सगळेच मराठीत असते. ‘सामाईक विहिरीत आठ आणे हिस्सा’ म्हणजे अर्धा हिस्सा, हे तिकडच्या वकिलाला कळेल अशा इंग्रजीत उतरवणारा माणूस शोधावा लागतो.

याचिका दाखल करण्याचा अधिकार फक्त ‘ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड’ या वर्गातील वकिलांना असतो. त्यासाठी न्यायालयाची स्वतंत्र परीक्षा आहे, आणि त्यांचे कार्यालय न्यायालयापासून १६ किलोमीटरच्या आत असावे लागते. पुण्याचा वकील त्यांच्यासोबत उभा राहून युक्तिवाद करू शकतो, पण वकीलपत्र दिल्लीच्याच वकिलाचे लागते. स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. मात्र वकील का नेमला नाही याची कारणे अर्जात द्यावी लागतात आणि निबंधक अर्जदाराशी बोलून पाहतात.

पत्रालाही याचिका मानण्याची परंपरा १९८० च्या सुमारास रुजली. वेठबिगारी, तुरुंगातील छळ, निराधार मुले अशा विषयांवरची पत्रे जनहित याचिका म्हणून विचारात घेतली जातात. घरमालक-भाडेकरूंचे वाद, नोकरीविषयक तक्रारी आणि निवृत्तिवेतन हे विषय मात्र १९८८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी वगळले आहेत. सदाशिव-नारायण पेठेतल्या वाड्यांच्या पिढीजात भांडणांना पोस्टकार्डाची वाट बंद आहे, ती त्यामुळेच.

न्यायालय बघणे मात्र बरेच सोपे झाले आहे. थेट प्रक्षेपणाला २०१८ च्या निकालाने तत्त्वतः मान्यता मिळाली. २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांच्या सुनावण्या थेट दिसू लागल्या आणि पहिल्याच दिवशी शिवसेनेतील फुटीचे प्रकरण होते, त्यामुळे महाराष्ट्रात तो दिवस सहज कुणी विसरणार नाही. प्रकरणाची पुढची तारीख आणि आदेश डायरी क्रमांकावरून (प्रकरण दाखल करताना मिळणाऱ्या क्रमांकावरून) किंवा पक्षकाराच्या नावावरून संकेतस्थळावर घरबसल्या सापडतात. निकालांचा अधिकृत संग्रह जानेवारी २०२३ पासून मोफत खुला आहे. निवडक निकाल मराठीतही मिळतात, पण ते समजून घेण्यापुरते. प्रमाण धरला जातो तो इंग्रजी मजकूरच.

प्रत्यक्ष जायचे असल्यास ‘सुस्वागतम्’ या संकेतस्थळावर ऑगस्ट २०२३ पासून ई-पास काढता येतो. इमारत दाखवण्याची शनिवारची फेरी २०१८ पासून चालू आहे.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग आणि कोठडीतील व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी सर्वोच्च न्यायालयात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५ लाख रुपये आहे. चौकशीसाठी १५१०० हा क्रमांक देशभर चालतो, आणि शिवाजीनगर न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातही अर्ज देता येतो.