मागचा बदलला, तर पुढचाही बदला

जुन्या फोर-व्हील (चारही चाकांना ताकद देता येणाऱ्या) पिकअपला मोठे टायर घातले की गाडी चढाला जड होते. गायमुखच्या घाटात माल भरून चढताना तर पावलोपावली खालचा गिअर टाकावा लागतो. मग डिफरन्शिअलचे, म्हणजे चाकांच्या आसावरच्या (अॅक्सलवरच्या) गोल डब्यातले गिअर बदलायचं ठरतं, आणि तिथेच मेकॅनिककडून सल्ला मिळतो: "मागचाच बदला, पुढचा राहू द्या. फोर-व्हील तुम्ही वापरता तरी किती?" वागळे इस्टेटपासून तुर्भ्यापर्यंत हा सल्ला मी इतक्यांच्या तोंडून ऐकला आहे की त्यामागचं गणित एकदा मांडायलाच हवं.

इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून प्रॉपेलर शाफ्टने अॅक्सलपर्यंत येते. शाफ्टच्या टोकाला छोटा पिनियन असतो आणि तो मोठ्या क्राउनला फिरवतो. क्राउनला 41 दात आणि पिनियनला 10, तर रेशो 4.1. म्हणजे शाफ्ट 4.1 वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. क्राउनबरोबर फिरणारे स्टार गिअर वळणावर डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतात, पण आजचा विषय तो नाही.

28 इंची टायरचा घेर साधारण 2.23 मीटर. 31 इंची घातला की तो 2.47 मीटर होतो. चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, म्हणून त्याच वेगाला इंजिन कमी फिरतं आणि चढाला ताकद अपुरी पडते. मूळचा जोर परत आणायचा तर रेशो त्याच प्रमाणात वाढवायचा: 4.1 गुणिले 31 भागिले 28, म्हणजे 4.54. बाजारात 41 आणि 9 दातांचा सेट मिळतो, त्याचा रेशो 4.56. हिशेब जुळला.

आता मागे 41-9 बसवला आणि पुढे जुना 41-10 ठेवला, असं समजा. जुन्या पार्ट-टाइम फोर-व्हील, म्हणजे एरवी मागच्याच चाकांवर चालणाऱ्या गाडीत लिव्हर ओढला की ट्रान्सफर केस (ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी) पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्के जोडते. दोघांचे फेरे सारखेच. शाफ्टचे 41 फेरे झाले की मागची चाकं 9 फेरे घेतात आणि पुढची 10. गाडी एक, रस्ता एक, आणि तरी पुढच्या चाकांना दर 22 ते 25 मीटरमागे एक फेरा जास्त! हा जादाचा फेरा कुठेतरी घसरूनच काढावा लागतो. चिखलात टायर घसरतो, पण नेमकी तिथेच पकड हवी असते. डांबरावर घसरायला जागाच नसते, म्हणून ताण शाफ्ट, क्रॉस (शाफ्टचा सांधा) आणि ट्रान्सफर केसवर जातो आणि काहीतरी तुटतं. लिव्हर ओढेपर्यंत मेकॅनिकचं म्हणणं खरं असतं. पण लिव्हर आपण अडकल्यावरच ओढतो. (दोन्हीकडे रेशो सारखा असला तरी कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील लावू नये. वळणावर पुढची चाकं मोठ्या वर्तुळातून जातात, आणि या गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांतला हा फरक सामावणारा मधला डिफरन्शिअल नसतो.)

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. 40 आणि 10 दात करून सरळ 4 हा रेशो का ठेवत नाहीत? कारण मग पिनियनचा प्रत्येक दात त्याच्या दर 4 फेऱ्यांनी क्राउनच्या त्याच दाताला भेटेल. एका दाताला बारीकशी चीर असेल तर ती समोरच्या त्याच चार दातांना कायम घासत राहील. 41 ही मूळ संख्या आहे. 41-9 च्या सेटमध्ये तीच जोडी पुन्हा भेटते ती पिनियनचे 41 फेरे झाल्यावर, आणि दरम्यान तो दात क्राउनच्या सगळ्या दातांना एकेकदा भेटून येतो. झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. सातवीच्या लसावि-मसाविचा इतका सुंदर उपयोग मला दुसरीकडे क्वचितच दिसला आहे.

दुसरी गोष्ट दातांच्या आकाराची. पिनियन क्राउनच्या मध्यरेषेवर नसतो, थोडा खाली असतो. या रचनेला हायपॉइड म्हणतात. 1926 साली पॅकार्डने ती मोटारीत आणली. शाफ्ट खाली आला, पिनियन जाड आणि मजबूत करता आला. त्याची किंमत अशी की दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, लांबीच्या दिशेने घसरतातही. एवढ्या दाबाखालच्या घसरणीत साध्या तेलाचा थर फाटतो. म्हणून जीएल-5 प्रतीच्या गिअर ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगं असतात. तापलेल्या जागी ती पोलादाशी संयोग पावून झीज थोपवणारा पातळ थर तयार करतात. गिअर ऑइलचा तो उग्र वास गंधकाचा.

क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकत्र घासून जुळवलेले असतात आणि दोघांवर जोडीचा एकच नंबर कोरलेला असतो. कुर्ल्याहून जुना सेट आणणार असाल तर आधी हे नंबर पाहा. एका गाडीचा क्राउन आणि दुसरीचा पिनियन कधीच जुळत नाहीत.

बसवताना खरा कस लागतो. दातांना प्रशियन ब्लू हा निळा रंग लावून गिअर फिरवतात आणि ठसा पाहतात. ठसा दाताच्या मुळाशी उमटला तर पिनियन फार आत गेला आहे. टोकाशी उमटला तर बाहेर राहिला आहे. पिनियनच्या डोक्यामागची शिम (पातळ चकती) त्याप्रमाणे पातळ किंवा जाड करायची. मग क्राउन बाजूला सरकवून बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, जमवायचा, बऱ्याच गाड्यांत 0.15 ते 0.20 मिलिमीटर, आणि तो डायल गेज (बारीक अंतर मोजणारं घड्याळ) लावूनच. जास्त राहिला तर दात आपटतात. कमी राहिला तर तापून फुगल्यावर तेलाला जागा उरत नाही. हाताने हलवून "बरोबर आहे" म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नका.

आवाजातूनही पुष्कळ कळतं. 31 इंची टायर आणि 4.56 रेशोवर ताशी 60 किलोमीटरला पिनियन सेकंदाला सुमारे 30.7 फेरे घेतो. 9 दातांनी गुणलं की 276 हर्ट्झ, म्हणजे हार्मोनियमची जवळपास काळी एक. आधीच्या 28 इंची टायर आणि 10 दातांच्या पिनियनचा सूर 306 हर्ट्झ होता, काळी दोनच्या किंचित खाली. सूर उतरला म्हणून घाबरू नका, गणितच तसं आहे. मात्र तो मोठ्याने ऐकू येऊ लागला, किंवा अॅक्सिलरेटर दाबताना एक आणि सोडताना दुसराच आवाज आला, तर ठसा पुन्हा तपासा. आवाज दाबायला हौसिंगमध्ये (गिअरच्या डब्यात) लाकडाचा भुसा टाकतात, ती शुद्ध फसवणूक आहे. भुशाने आवाज बसतो आणि बेअरिंगला तेल मिळत नाही. गाडीला नजर लागली म्हणून लिंबू-मिरची बांधणाऱ्यांना एवढंच सांगेन की दाताला नजर लागत नाही, चुकीची शिम लागते.

नव्या सेटवर सुरुवातीला थोडंसंच अंतर चालवून अॅक्सल थंड होऊ द्या. पहिले काही शे किलोमीटर जड माल नको, आणि त्यानंतर तेल बदला. आपल्याकडे पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. तापलेला अॅक्सल तुंबलेल्या पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (अॅक्सलचं हवा जाण्या-येण्याचं भोक) किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी ओढून घेते. तेल दुधाळ दिसलं तर ते लगेच काढून टाका. ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचं टोक इंजिनच्या उंचीपर्यंत नेलं, तर निदान त्या वाटेने पाणी शिरत नाही. मागच्या अॅक्सलला नळी लावाल तेव्हा पुढच्यालाही लावा.