गडाच्या भिंतीतली जुनी हवा

जुलै २०२५मध्ये महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. तेव्हापासून फोनवर एक जुनाच मजकूर नव्या जोमाने फिरतो आहे. चुन्यात गूळ, अंडी, उडीद आणि बेलफळाचा गर घालत असत, ते गुपित हरवलं, म्हणून आजचं सिमेंट पन्नास वर्षांत फुटतं आणि गड मात्र उभे आहेत, असा त्याचा सूर असतो. यातला गूळ खरा आहे, बेलफळही खरं आहे. पण भिंत घट्ट धरण्याचं मुख्य काम हवेतल्या एका वायूने केलेलं आहे, आणि त्या वायूचा उल्लेख या मजकुरात कधीच नसतो.

पावसाळा ओसरला की पवन मावळात भटकायला जावं. भाज्याच्या लेण्यांपासून विसापूरवर चढायचं, गायमुख खिंडीतून लोहगड करायचा, पुढे पवना धरणाच्या पाण्याला वळसा घालत तिकोना आणि तुंग. दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी, पेशवाईतली टाकी, १८१८ साली इंग्रजांनी सुरुंग लावून उडवलेले विसापूरचे दरवाजे, गवतात हरवलेले जोत्यांचे चौथरे, सगळं पायी फिरण्याच्या टप्प्यात. तिकोन्यावर चढताना वाटेत दगडी चर कोरलेलं एक वर्तुळ आणि त्यात एक जाडजूड दगडी चाक दिसतं. ही चुन्याची घाणी. लोक चाकाजवळ फोटो काढतात आणि बालेकिल्ल्याकडे निघतात. माझ्या मते गडावरची सगळ्यांत बोलकी वस्तू तीच आहे.

सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. त्यात चुनखडीचे डोंगर नाहीत. मग देशावर चुना कुठून आणला? काळ्या मातीत आणि ओढ्यांच्या काठी चुनखडीचे ओबडधोबड खडे सापडतात, ते गोळा करून. कोकणात आणि गोव्यात शिंपले भाजून. शाळेत शिकलेलं रसायनशास्त्र इथे जसंच्या तसं लागू पडतं. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत ती ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुनकळी उरते. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली तर ४४ किलो वायू आकाशात जातो आणि हाती ५६ किलो चुनकळी येते. तिच्यावर पाणी टाकलं की ती फसफसते, पाणी उकळू लागतं, आणि १८ किलो पाणी पोटात घेऊन ७४ किलो विरलेला चुना तयार होतो.

हा चुना, वाळू आणि भाजलेल्या विटांची पूड, म्हणजे सुरखी, घाणीच्या चरात टाकायची आणि बैल जुंपून चाक फिरवायचं. त्याने न विरलेल्या गुठळ्या फुटतात, वाळूच्या प्रत्येक कणावर चुन्याचा लेप बसतो आणि कमी पाण्यात लोण्यासारखा मऊ माल मिळतो. पाणी कमी लागलं की पुढे वाळताना भेगा कमी पडतात. नंतर तो माल चिऱ्यांमध्ये भरला जातो.

इथून पुढचं मला सगळ्यांत प्रिय आहे.

आपण म्हणतो, चुना वाळला. वाळणं ही फक्त सुरुवात असते. नुसता वाळलेला चुना नखाने खरवडता येतो. तो दगड होतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेऊन. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते, हा प्रयोग सातवी-आठवीत सगळ्यांनी केलेला असतो. तीच क्रिया गडाच्या भिंतीत चालते, फक्त तिथे फुंकर मारणारं कोणी नसतं आणि हवेत हा वायू अत्यंत थोडा असतो. शिवकाळात तो दहा लाख रेणूंमागे सुमारे २८० होता, आज ४२० च्या वर गेला आहे. एवढ्याशा वायूवर भिंतीला गुजराण करायची असते.

क्रिया बाहेरून आत सरकते. पृष्ठभागावरचा चुना आधी कार्बोनेट होतो. आतल्या चुन्यापर्यंत पोचायला वायूला या आधीच घट्ट झालेल्या थराच्या बारीक छिद्रांमधून वाट काढावी लागते, आणि थर जितका जाड तितका वायूचा ओघ मंद. गणित मांडलं तर असं निघतं की घट्ट थराची जाडी काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. समजा पहिला एक सेंटिमीटर एका वर्षात झाला. मग दोन सेंटिमीटरला चार वर्षं लागतील, तीनला नऊ, आणि दहा सेंटिमीटरला शंभर. दोन-तीन मीटर जाडीच्या तटाच्या गाभ्याचा विचार करा. जुन्या जाड भिंतींच्या पोटात शतकांनंतरही न मुरलेला चुना कधी कधी सापडतो. ताज्या कापलेल्या तुकड्यावर फिनॉल्फथॅलीन या रंगदर्शक द्रावणाचे थेंब टाकले की तो भाग गुलाबी होतो, कारण तिथला चुना अजून अल्कधर्मी असतो. कार्बोनेट झालेला भाग रंग बदलत नाही.

यात पाण्याची भूमिका विचित्र आहे. वायू आणि चुना कोरडेपणी एकमेकांशी फारसे बोलत नाहीत. छिद्रांच्या भिंतींवर पाण्याचा पातळ थर हवा, त्यात दोघे विरघळतात आणि तिथे त्यांची गाठ पडते. पण छिद्रं पाण्याने पूर्ण भरली तर वायू आत शिरूच शकत नाही, कारण पाण्यातून तो हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. म्हणजे फार कोरडं नको, फार ओलं नको. शिवाय पाण्यात विरलेला चुना लिटरमागे जेमतेम पावणेदोन ग्रॅम विरघळतो आणि कॅल्शियम कार्बोनेट त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढंच, त्यामुळे ते तयार झाल्या क्षणी स्फटिक होऊन छिद्राच्या कडेला बसतं. ७४ किलो चुन्याचे पुन्हा १०० किलो होतात, घन भागाचं आकारमान सुमारे १२ टक्क्यांनी वाढतं आणि छिद्रं बुजत जातात. भट्टीतून उडून गेलेला ४४ किलो वायू वर्षानुवर्षांच्या मुदतीने भिंतीत परत येतो.

पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाची दंतकथा इथे आठवते. बुरूज बांधला की ढासळायचा, शेवटी जिवंत माणसं पायात गाडली तेव्हा तो टिकला, असं सांगतात. अशा कथा अनेक गडांवर ऐकू येतात आणि आजही काही जण त्या अभिमानाने सांगतात. बांधकाम ढासळायला पाया खचणं पुरेसं असतं, किंवा न मुरलेल्या चुन्यावर सह्याद्रीचा पाऊस कोसळणं. भिजून चिंब झालेल्या भिंतीत वायू शिरत नाही, चुना मऊच राहतो आणि वरचं वजन त्याला पेलत नाही. बळी देऊन कॅल्शियम कार्बोनेट तयार होत नाही. माणूस गाडणं हा खून आहे, आणि त्याला स्थापत्यात जागा देणं थांबलं पाहिजे.

मग इतक्या पावसात बांधकाम जमायचं कसं? इथे सुरखी कामाला येते. चिकणमाती ६०० ते ८०० अंशांच्या दरम्यान भाजली की तिची स्फटिकरचना मोडते आणि तिच्यातलं सिलिका आणि अॅल्युमिना चुन्याशी संयोग करायला मोकळं होतं. त्यातून कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट तयार होतं, म्हणजे आजच्या सिमेंटला ताकद देणारं तेच संयुग. त्याला हवा लागत नाही, ओलाव्यातही ते घट्ट होतं. देशावरच्या चुनखडीच्या खड्यांत मुळातच माती मिसळलेली असल्याने त्यांच्या चुन्यात हा गुण थोडाफार आपोआप येतो. टाक्यांच्या आणि हौदांच्या गिलाव्याला सुरखीचा माल वापरत ते याचमुळे.

आता गुळाकडे येऊ. साखरेच्या रेणूंमुळे चुना पाण्यात अधिक विरघळतो, माल मऊ राहतो आणि गवंड्याला काम करायला वेळ मिळतो. हिरड्यातली टॅनिनं आणि अंड्यातली प्रथिनं यांचेही असेच छोटे उपयोग आहेत. चीनमध्ये चुन्यात चिकट तांदळाची पेज घालत. त्या तांदळातलं अॅमायलोपेक्टिन हे पिष्ट कॅल्साइटचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, स्फटिक बारीक ठेवतं, त्यामुळे माल दाट होतो, असं तिथल्या संशोधकांनी २०१०मध्ये दाखवलं. हे सगळं जाणकार कारागिरांचं कौशल्य आहे आणि ते शिकण्यासारखं आहे. मात्र अतिरिक्त गूळ घातला तर चुना घट्ट व्हायलाच उशीर होतो. प्रमाण न सांगता फिरणाऱ्या पाककृती गडाला उपयोगी नाहीत.

दुसरी अतिशयोक्ती रोमची. २०२३मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी प्रिव्हर्नम या प्राचीन शहराच्या तटातल्या काँक्रीटचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले पांढरे चुन्याचे ठिपके निष्काळजीपणाने राहिले असं मानत होते. या संशोधकांच्या मते मात्र रोमन लोक चुनकळी गरमागरम मिसळत, त्यातून हे ठिपके राहत, आणि भेग पडली की पाणी त्यांतला चुना विरघळवून भेगेत नेऊन ती बुजवत असे. तशा नमुन्यातली अर्ध्या मिलिमीटरची भेग दोन आठवड्यांत बुजली. सुंदर काम आहे. पण लगेच ‘स्वतः बरं होणारं काँक्रीट’ असे मथळे आले, आणि आपल्याकडच्या चुन्यातही पांढरे ठिपके दिसतात म्हणून रोमशी नातं जोडणंही सुरू झालं. बारीक भेगा बुजवण्याचा गुण कमी-अधिक प्रमाणात प्रत्येक चुन्याच्या बांधकामात असतो. पावसाचं पाणी कार्बन डायऑक्साइड घेऊन आत झिरपतं, थोडं कॅल्साइट विरघळवतं आणि सुकताना भेगेच्या तोंडाशी सोडून जातं. जुन्या कमानींच्या आतल्या बाजूला लोंबणाऱ्या पांढऱ्या काड्या याच प्रवासाच्या खुणा.

भिंतीने घेतलेला वायू ज्या त्या काळाचा असतो, यातून एक विलक्षण गोष्ट शक्य होते. दगडाचं वय कार्बन-१४ने काढता येत नाही, पण चुन्याचं येतं. हवेतल्या कार्बनमध्ये किरणोत्सारी कार्बन-१४चा अंश असतो, त्याचा अर्धायुकाल ५,७३० वर्षं. भट्टीत चुनखडीतला कोट्यवधी वर्षं जुना कार्बन निघून जातो आणि भिंत घट्ट होताना त्या वर्षांच्या हवेतला ताजा कार्बन आत बसतो. फ्रान्समधल्या संशोधकांनी १९६४मध्ये ही पद्धत मांडली. अडचणी आहेत. नीट न भाजलेल्या चुनखडीचा कण राहिला तर वय फुगतं, गाभ्यातला चुना उशिरा घट्ट झाला असेल तर ते कमी भरतं. शिवाय १६५०नंतरच्या काळासाठी कार्बन-१४च्या मोजणीवरून वर्ष काढण्याचा तुलनेचा आलेख इतका वळणावळणाचा आहे की एका मोजणीतून बांधकामाचे तीन-चार संभाव्य काळ निघतात. म्हणून शिवकाळापेक्षा यादवकाळासारख्या जुन्या बांधकामांना ही पद्धत अधिक न्याय देते.

आणि म्हणूनच गडावर सिमेंटची गोणी दिसली की जीव कळवळतो. १८२४मध्ये पेटंट मिळालेलं पोर्टलँड सिमेंट नव्या इमारतींसाठी उत्तम आहे, मात्र जुन्या भिंतीच्या दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधल्या फटी, त्याने भरल्या की तोंड बंद होतं. भिंतीतला ओलावा सिमेंटमधून सहज बाहेर पडू शकत नाही, तो शेजारच्या दगडातून वाट काढतो. सिमेंटमधले विद्राव्य क्षार त्याच्याबरोबर जातात, दगडाच्या छिद्रांत स्फटिक बनून फुगतात आणि पापुद्रे सुटतात. काळा पाषाण काही काळ तग धरतो, कोकणातला जांभा आणि विटा लवकर झिजतात. शेवटी सिमेंटच्या कडा तशाच उभ्या राहतात आणि मधला चिरा पोखरलेला दिसतो. अनेक गडांवर दुर्गसंवर्धनाची तरुण मंडळी सुट्टीच्या दिवशी घाम गाळतात, त्यांच्याविषयी मनापासून आदर आहे. त्यांच्यासाठी काही तपशील सांगण्यासारखे आहेत.

पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने आणि जाणकाराच्या देखरेखीखाली आधी निखळलेल्या जुन्या मालाचा छोटा तुकडा प्रयोगशाळेत द्यावा. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात चुना विरघळतो, वाळू आणि सुरखी उरते. ती चाळून, तोलून मूळ प्रमाण कळतं, आणि पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की न भाजलेले चुनखडीचे कणही दिसतात. नवा माल जुन्याहून कडक नसावा. काही तट मुळात चुन्याविना, कोरडे रचलेले असतात, तिथे दर्जा भरण्याचा प्रश्नच येत नाही. भरणी पावसाळा संपल्यावर घ्यावी, म्हणजे पुढच्या पावसाआधी सात-आठ महिने मिळतात, आणि सुरुवातीचे काही आठवडे ओल्या गोणपाटाखाली ती दमट ठेवावी, कडक उन्हात एकदम सुकू देऊ नये.